करार, संप आणि देवगाव फाटा

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, मंठ्याकडून येणारी सडक जेथे एका अंगाने जिंतूरकडे आणि दुसऱ्या अंगाने सेलूकडे निघते, तेथे देवगाव फाटा आहे. मराठवाड्यात अशा जागेला ‘फाटा’ हेच नाव पडते, आणि पुढे ते मूळ गावाच्या नावाहूनही लोकांच्या तोंडी अधिक बसते. देवगाव नेमके कोणत्या दिशेला हे ज्याला सांगता येणार नाही, तोही देवगाव फाट्याला कोणत्या गाडीने उतरावे हे बिनचूक सांगतो. फाट्याचे सारे जीवन गाडीच्या येण्याजाण्यावर बेतलेले असते. टपरीवरचा पहिला चहा किती वाजता उकळायचा, कापूस वेचणीला निघालेल्या बायांनी कोणत्या सुमारास सडकेला येऊन थांबायचे, सेलूच्या शाळेत जाणाऱ्या मुलींनी घरची कामे किती लवकर उरकायची, तहसील कचेरीत फेरफाराच्या नकलेसाठी खेटे घालणाऱ्या कुणब्याने कोणत्या वारी उजाडता उजाडता घर सोडायचे, हे सगळे एस.टी. ठरवते; आणि ती ठरवते आहे याची जाणीवही कोणाला नसते, इतकी ती अंगवळणी पडलेली आहे.

ती जाणीव झाली २०२१ च्या दिवाळीत. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते, आणि त्याच सुमारास राज्यभरच्या आगारांमागून आगारे बंद पडत जाऊन अडीचशेच्या घरातल्या सगळ्या आगारांचे दरवाजे मिटले. माहेरी निघालेल्या लेकी फाट्यावर सामान घेऊन बसलेल्या, काळी-पिवळी जीपवाला मनाला येईल तो आकडा सांगतो आहे, आणि दिवाळी सरल्यावर, महामारीनंतर नुकत्याच उघडलेल्या शाळेकडे पायी निघालेल्या मुली दप्तराच्या बंदाला अडकवलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटातला एस.टी.चा पास उगीचच हाताने चाचपीत सडकेच्या कडेने चालल्या आहेत, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला ते विसरता येणार नाही. तो संप पुढे जवळजवळ साडेपाच महिने चालला. आणि तरीही फाट्यावरच्या गप्पांत ड्रायव्हर-कंडक्टरांबद्दल कडवटपणा अभावानेच ऐकू आला, कारण त्यांतला एखादा तरी प्रत्येकाच्या गावचा, भावकीतला, किंवा सोयरा होता आणि त्याच्या हातात महिन्याकाठी किती पडतात हे सर्वांना ठाऊक होते.

त्या संपाचा परवलीचा शब्द ‘विलीनीकरण’ हा होता. एस.टी. महामंडळ राज्य शासनात विलीन करा आणि आम्हांस शासकीय कर्मचारी समजा, ही ती मागणी. पुष्कळ जाणत्यांनीही ती अवास्तव, कोणीतरी बाहेरून येऊन कामगारांच्या डोक्यात भरवून दिलेली अशी मानली. महाराष्ट्राच्या इतर भागांविषयी मी बोलत नाही. परंतु मराठवाड्याचा इतिहास जो उघडून पाहील त्याला या मागणीत अपूर्व असे काही आढळणार नाही. या मुलखातल्या एस.टी.च्या पूर्वज गाडीचा पहिला चालक आणि पहिला वाहक हे सरकारी नोकरच होते. त्यांचे सरकारीपण पुढे काढून घेतले गेले, आणि ते कधी, कोणत्या कागदाने गेले, याची आठवणही नंतर पुसट झाली.

निजामाच्या सरकारने आपल्या राज्यातील रेल्वे १९३० साली इंग्रजी कंपनीकडून विकत घेतली. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग, ज्यावर आपले सेलू, मानवत रोड आणि परभणी ही स्थानके आहेत, तोही अशा रीतीने सरकारी मालकीचा झाला. त्या काळी खाजगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवू लागल्या होत्या. इतर प्रांतांत या स्पर्धेवर परवान्यांचे आणि निर्बंधांचे उपाय शोधले जात असता हैदराबादच्या कारभाऱ्यांनी सरळ रेल्वेच्याच अखत्यारीत रस्त्यावरील वाहतुकीचे एक खाते काढले, आणि जून १९३२ मध्ये २७ गाड्या व १६६ नोकर एवढ्या सरंजामावर ते सुरू केले. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. पुढे या खात्याच्या वारसदार गाड्यांच्या क्रमांकात ‘झेड’ हे इंग्रजी अक्षर येत असे, ते निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या नावावरून घेतले होते असे हैदराबादकडे सांगतात.

आजच्या वेतनाच्या भांडणाचा उगम जिथे आहे, ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. या खात्यातला मनुष्य सरकारचा मुलाजिम होता. त्याला माहवार मुशाहिरा मिळे तो सरकारी खजिन्यातून, हाली सिक्क्यात. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रज सरकारचे सहा कलदार रुपये, असा त्या वेळचा हिशेब. मुशाहिरा थोडा असेल, वरिष्ठांची मर्जी सांभाळावी लागत असेल, आणि संस्थानी राज्यात कामगाराने संघटना करून मागणे मांडण्याची सोयही जवळपास नव्हती. निजामी अमलाचे गुणगान करण्याचे मला काहीच कारण नाही, मराठवाड्यातल्या कोणालाच नाही. तथापि आपला धनी कोण आणि आपली तिजोरी कोणती, हा प्रश्न त्या नोकरासमोर कधी उभा राहिला नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५१ रोजी हे मोटार खाते रेल्वेपासून अलग करून हैदराबाद राज्य सरकारकडे देण्यात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत संस्थानाचे तीन तुकडे झाले, तसे या खात्याचेही झाले: तेलंगण आंध्रात गेले, गुलबर्गा-रायचूरकडील भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठवाड्याच्या वाट्याला आलेल्या गाड्या, डेपो व माणसे मुंबई राज्याच्या पदरात पडली. मुंबई राज्यात तोवर १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याखाली स्वतंत्र महामंडळ काम करीत होते. त्याची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली होती हे सर्वश्रुत आहे. मराठवाड्याची वाहतूक मात्र काही वर्षे सरकारी खाते म्हणूनच चालू राहिली. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर, १९६१ मध्ये, तीही महामंडळात मिसळली गेली. मराठवाड्यातला ड्रायव्हर-कंडक्टर त्या दिवशी सरकारी नोकर राहिला नाही. तेही एक विलीनीकरणच होते, फक्त उलट दिशेचे. राज्य एक, गाडी एक, भाडे एक, हे त्या वेळचे उद्दिष्ट रास्तच होते आणि त्यासाठी झालेल्या व्यवस्थेत कोणाचा दुष्ट हेतू शोधणे अन्यायाचे होईल. पण ज्याची नोकरी एका सदरातून काढून दुसऱ्या सदरात मांडली गेली, त्याच्या पुढच्या दोन पिढ्यांच्या पगारावर त्या एका नोंदीचा केवढा परिणाम होणार आहे, हे तेव्हा फारसे कोणी मोजले नसावे.

तो परिणाम ‘करार’ या शब्दात साठवलेला आहे. सरकारी नोकराचे वेतन वेतन आयोग ठरवतो; तो दहा-दहा वर्षांनी येतो, उशिरा लागू होतो, पण लागू होतो तेव्हा पूर्वलक्षी तारखेपासून होतो. महामंडळाच्या कामगाराला आयोग नाही. त्याची मान्यताप्राप्त संघटना आणि महामंडळाचे प्रशासन यांनी दर चार वर्षांनी समोरासमोर बसून वेतनकरार करायचा, ही त्याची रीत. १९७१ च्या मान्यता कायद्यामुळे वाटाघाटीला बसण्याचा अधिकार ज्या एका संघटनेला मिळतो, तिच्या सहीने इतर सर्व संघटनांचे सभासदही बांधले जातात. आणि ज्यावर महिने-महिने घासाघीस चालते त्या बाबी वरवर किरकोळ दिसतात: वार्षिक वेतनवाढीचा दर २ टक्के की सरकारी नोकराप्रमाणे ३ टक्के, घरभाडे भत्ता ७ टक्के की ८, महागाई भत्ता केंद्राच्या मागे किती महिने रेंगाळायचा. एका टक्क्याचा हा फरक तीस वर्षांच्या नोकरीत दरसाल मागच्या वाढीवर चढत जातो, तेव्हा सेलूच्या एकाच गल्लीत राहणाऱ्या तलाठी कार्यालयातल्या शिपायाच्या आणि एस.टी.च्या चालकाच्या घरांतला फरक बाहेरून डोळ्यांना दिसू लागतो.

‘करार’ हा शब्द फारसीमार्गे अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ स्थैर्य, ठरलेपणा, मनाचा ठाव. ज्याला तो ठाव नाही तो बेकरार. ‘संप’ या शब्दाचाही पूर्वार्थ एकोपा असाच होता, गुजरातीत तो अजूनही आहे. कामगारांनी एकोप्याने काम थांबवणे या अर्थावर मराठीत तो पुढे स्थिरावला. एस.टी.च्या कामगाराच्या नशिबी गेली कित्येक वर्षे करार असूनही ठाव नाही, आणि विसाहून अधिक संघटना असल्यामुळे एकोपाही दुर्मीळ, असे हे दोन शब्द आपल्या अर्थापासून दूर जाऊन पडले आहेत.

सरकारी नोकरांनाही सुखासुखी काही मिळाले नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवस संप केला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. संप मागे घेतला गेला तेव्हा हाती विशेष काही नव्हते, बिनपगारी दोन महिन्यांनी अनेकांची घरे कर्जात गेली होती. परंतु केंद्राच्या बरोबरीचे ते तत्त्व राज्याने पुढे मान्य केले आणि त्याच्या छत्राखाली आजही लाखो कर्मचारी उभे आहेत. एस.टी.चा कामगार त्या छत्राबाहेर राहिला.

आता वाटाघाटी वारंवार अडतात त्याचे कारण पाहू. दोष बहुधा माणसांना दिला जातो: संघटना हटवादी, प्रशासन कोडगे, मंत्री वेळकाढू. माझ्या मते खरे कारण बैठकीच्या रचनेत आहे. मेजाच्या पलीकडे बसलेल्या महामंडळाच्या हाती तिजोरीची किल्ली नसते. तिकिटाचा दर महामंडळ स्वतः वाढवू शकत नाही, त्यास परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि मंजुरीआधी सरकारची इच्छा लागते. विद्यार्थ्यांना, अपंगांना, ज्येष्ठांना सवलती द्यायच्या त्या सरकार ठरवते, आणि त्यांची भरपाई कधी व किती द्यायची तेही सरकारच ठरवते. तिकिटावर प्रवासी कर बसवायचा तो सरकारचा. तोट्यातल्या खेड्याच्या फेऱ्या बंद करू नका हा आग्रहही सरकारचा, आणि तो योग्यच आहे, कारण त्या बंद झाल्या तर देवगाव फाट्याच्या आतल्या गावांना बाहेरचे जग उरणार नाही. एवढे सगळे सरकारचे असता, वेतनाचा विषय निघताच मात्र महामंडळ स्वायत्त आहे असे उत्तर येते. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या हाती देणे नाही, आणि ज्याच्या हाती देणे आहे तो बोलणीला बांधलेला नाही. अशा बैठकीत करार अडतो याचे नवल वाटू नये.

या सगळ्याचा भार ज्याच्या खांद्यावर येतो तो माणूस पाहायचा असेल, तर मुक्कामी गाडी पाहावी. रात्री फाट्यावरून आतल्या गावाला गेलेली शेवटची फेरी तिथेच थांबते, आणि पहाटे तीच पहिली म्हणून निघते. उतारू उतरून गेले की चालक मागच्या लांब बाकावर सतरंजी पसरतो. वाहक पुढच्या दिव्याखाली बसून झोळीतले पैसे सीटवर ओततो. नोटांच्या घड्या उलगडतो, चिल्लर रचतो, पूर्वी तिकिटांच्या गठ्ठ्यांवरचे शेवटचे आकडे वेबिलावर उतरवी, आता मशिनची पट्टी काढून ताळा घेतो. रोकड कमी भरली तर ती पदरची घालायची असते. गावातून कोणीतरी भाकरी आणि पिठले आणून देतो; हा उपचार मराठवाड्यात इतका जुना आहे की त्याची मागणी करावी लागत नाही. ज्याला दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब रोज रात्री नाण्यापर्यंत पुरा करावा लागतो, त्याच्या स्वतःच्या वेतनाचा हिशेब वर्षानुवर्षे अपुरा पडून राहतो, ही गोष्ट मला फार लागते.

तो अपुरा राहिला २०१६ पासून. त्या वर्षीच्या मार्चअखेर चार वर्षांच्या कराराची मुदत संपली. नेमके त्याच सुमारास सरकारी नोकरांना १ जानेवारी २०१६ पासूनचा सातवा वेतन आयोग मिळणार हे दिसू लागले होते, आणि महाराष्ट्रात तो २०१९ च्या जानेवारीत लागूही झाला. आम्हांलाही तोच द्या असे एस.टी.चे कामगार म्हणू लागले. बोलणी लांबली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवस गाड्या बंद राहिल्या. उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, उच्चस्तरीय समिती नेमण्यास सांगितले, आणि कामगार परतले. १ जून २०१८ रोजी, एस.टी.च्या सत्तराव्या वाढदिवशी, तत्कालीन परिवहन मंत्र्यांनी चार वर्षांसाठी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा मोठा होता. पण त्यावर संघटनेची सही नव्हती. आठवड्याभरातच कामगारांनी पुन्हा अचानक गाड्या उभ्या केल्या. देणाऱ्याने परस्पर जाहीर केलेली रक्कम आणि दोघांनी मिळून मान्य केलेली रक्कम यांत, आकडा तोच असला तरी, अंतर असते. पहिल्या प्रकाराला जुन्या कागदपत्रांत बक्षीस म्हणत, करार म्हणत नसत.

२०२१ च्या ऑक्टोबरात तिकिटाचे दर १७ टक्क्यांहून अधिक वाढले. लगेच पुढच्या दिवसांत संघटनांच्या कृती समितीने उपोषण करून महागाई भत्ता २८ टक्क्यांवर नेण्याचे मान्य करून घेतले आणि आंदोलन मागे घेतले. येथे जे घडले ते या व्यवसायाच्या इतिहासात वेगळे आहे: कामगार संघटनांच्या मागे परतले नाहीत. महामारीत पगार रखडलेले, सहकाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या गावोगावी पोचलेल्या, आणि नव्या चालकाचे मूळ वेतन १२,०८० रुपये. आगाराच्या दारात जमलेल्या साध्या माणसांनी नेत्यांच्या सहीवर अविश्वास दाखवला आणि करार नको, विलीनीकरण हवे असे म्हटले. २४ नोव्हेंबरला सरकारने पहिल्या दहा वर्षांच्या नोकरीत असलेल्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षांच्यांना ४,००० आणि त्यावरील जुन्यांना २,५०० रुपयांची वाढ मूळ वेतनात दिली. एवढी वाढ यापूर्वी एका दिवसात कधी मिळाली नव्हती, आणि तरीही बहुसंख्य कामावर आले नाहीत. निलंबने झाली, बडतर्फ्या झाल्या. विलीनीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने ते शक्य नाही असे कळवले. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हा, असे झाल्यास नोकऱ्या जाऊ नयेत, असा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या निवासस्थानी काही संपकऱ्यांनी जो हल्ला केला, त्याने या लढ्याचे फार नुकसान केले असे मला वाटते. त्या महिन्याच्या अखेरीस जिंतूरच्या आगारातून गाड्या पुन्हा फाट्यावर येऊ लागल्या.

निजामी खात्याच्या ज्या शाखा १९५६ मध्ये इतरत्र गेल्या, त्यांच्या कामगारांची कथा या बाजूला ठेवून वाचली म्हणजे विलीनीकरणाची मागणी मराठवाड्यात इतकी खोल का रुजली ते उलगडते. हैदराबादेच्या खात्यातून वाढलेल्या आंध्रच्या महामंडळाचे पन्नास हजारांहून अधिक कर्मचारी १ जानेवारी २०२० रोजी सरकारी नोकर झाले. तेलंगणात त्याच मागणीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये ५२ दिवसांचा संप झाला, तो रिकाम्या हातांनी संपला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेने विलीनीकरणाचे विधेयक संमत केले. नांदेड आगाराची गाडी घेऊन निजामाबादला जाणारा चालक तिथल्या स्थानकावर तेलंगणाच्या चालकाबरोबर चहा घेतो. पगाराची विचारपूस तर व्हायचीच. दोघांच्या खात्याचा मूळपुरुष एकच. सरकारने ही तुलना मानावी वा न मानावी, स्थानकावरच्या त्या बाकावर ती रोज होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, गाड्या पुन्हा दोन दिवस थांबल्या. मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ १ एप्रिल २०२० पासून मान्य झाली, ज्यांना २०२१ मध्ये जेवढी मिळाली होती तेवढी वजा करून. मागील तारखेपासून वाढ मिळाली म्हणजे मधल्या वर्षांचा फरक निघतो. मुक्कामी गाडीच्या वाहकाने तो वहीच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडून पाहिला नसेल असे होणार नाही.

पहाटे साडेपाचच्या सुमारास ती गाडी आतल्या गावाहून फाट्यावर येते. काच पुसायला चालक खाली उतरतो. दूधवाल्याच्या किटल्या मागे चढतात, दोन बाया विळे पोत्यात गुंडाळून पुढच्या सीटवर बसतात, सेलूच्या शिकवणीला निघालेली मुलगी पास पुढे करते, आणि वाहक मशिनवर बोट ठेवून विचारतो, ‘बोला, कुठं?’